मार्कोनीच्या लहरी आणि न लागलेले कुलूप

२६ जुलै २००८ रोजी सायंकाळी अहमदाबाद शहर बॉम्बस्फोटांच्या मालिकेने हादरले आणि पन्नासहून अधिक निरपराध नागरिकांचे प्राण गेले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला होता. त्याचा माग काढत तपास यंत्रणा नवी मुंबईतील एका सदनिकेपर्यंत पोहोचल्या. त्या घरात राहणाऱ्या व्यक्तीने मात्र तो मेल पाठविलेला नव्हता. घरातील बिनतारी इंटरनेट जोडणीला पुरेसे संरक्षण नव्हते आणि तिचा वापर भलत्याच कोणी केला, असे तपासातून पुढे आले. त्यानंतरच्या काही आठवड्यांत मुंबईतील आणखी दोन ठिकाणच्या जोडण्यांचा असाच गैरवापर झाला. घराच्या दाराला दोन-दोन कड्या लावणाऱ्या मुंबईकरांना 'वाय-फाय'ला कुलूप लावायचे असते, हे त्या वर्षी प्रथम कळले.

ही चूक नवी नव्हती. बिनतारी संदेशवहनाचा जनक म्हणून ज्याचे नाव शाळेच्या पुस्तकातून सर्वांना ठाऊक आहे, त्या गुलिएल्मो मार्कोनीच्या हातून ती १०५ वर्षांपूर्वी, लंडनच्या भर सभेत घडली होती. हवेतून जाणारा आपला संदेश दुसऱ्या कोणालाही ऐकता येणार नाही आणि त्यात ढवळाढवळही करता येणार नाही, असा त्याचा दावा होता. एका जादूगाराने तो खोटा पाडला. मार्कोनीचे चरित्र म्हणजे सामान्यतः यशाची चढती कमान म्हणून सांगितले जाते. पण हवेला भिंती नसतात, ही गोष्ट तो आयुष्यभर शिकत राहिला. त्याच्या आयुष्याचा हा धागा आज घरोघरी लुकलुकणाऱ्या राउटरपर्यंत येऊन पोहोचतो.

माळ्यावरची प्रयोगशाळा

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या शहरात झाला. वडील ज्युसेप्पे हे सधन जमीनदार, तर आई ॲनी जेमसन ही आयर्लंडमधील प्रसिद्ध मद्यनिर्मात्या जेमसन घराण्यातील. पुढे व्यवसायात उपयोगी पडलेले अस्खलित इंग्रजी आणि लंडनमधील नातीगोती ही आईची देणगी होती. बोलोन्याजवळच्या पोन्तेक्कियो गावातील व्हिला ग्रिफोने या घरात त्याचे बालपण गेले. शालेय शिक्षणात तो चमकला नाही. विद्यापीठात त्याला रीतसर प्रवेशही मिळाला नाही. लिव्होर्नो येथे विन्चेन्झो रोझा या शिक्षकाकडे त्याने भौतिकशास्त्राचे खासगी धडे घेतले. दृष्टी गमावत चाललेल्या एका वृद्ध तारमास्तराकडून त्याने मोर्सची कट्ट-कडकट्ट भाषा शिकून घेतली, असे सांगतात.

विद्युतचुंबकीय लहरींचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध करणारे जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश हर्ट्झ १ जानेवारी १८९४ रोजी अवघ्या छत्तिसाव्या वर्षी निवर्तले. त्यांच्यावरील मृत्युलेख त्या वर्षीच्या उन्हाळ्यात वीस वर्षांच्या मार्कोनीच्या वाचनात आला. बोलोन्या विद्यापीठातील प्राध्यापक ऑगस्तो रिघी हे कुटुंबाच्या परिचयाचे होते. त्यांच्याकडून त्याला या लहरींविषयी अधिक माहिती मिळाली. प्रयोगशाळेच्या टेबलावर अडकून पडलेल्या या लहरी तारेविना संदेश का वाहून नेऊ शकणार नाहीत, हा एकच प्रश्न त्याच्या मनाने घेतला.

व्हिला ग्रिफोनेचा माळा ही त्याची प्रयोगशाळा झाली. त्याच्याकडचे बहुतेक सुटे भाग दुसऱ्यांनी शोधलेले होते. ठिणगी पाडून लहरी निर्माण करणारे यंत्र हर्ट्झ यांच्या धर्तीचे होते. लहरी ओळखणारी, धातूच्या किसाने भरलेली काचनळी फ्रान्सच्या एदुआर ब्रान्ली आणि इंग्लंडच्या ऑलिव्हर लॉज यांच्या कामातून आली होती. लहर पोहोचली की नळीतील कीस एकमेकांना चिकटून वीज वाहू लागे. नळीला हलकी टिचकी बसली की कीस पुन्हा सुटा होई. मार्कोनीने ही नळी अधिक संवेदनशील केली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे यंत्राचे एक टोक उंच तारेला आणि दुसरे जमिनीला जोडले. तारेची उंची वाढवली की संदेशाचा पल्लाही वाढतो, हे त्याच्या ध्यानात आले. १८९५ मध्ये त्याचे संकेत घरासमोरच्या टेकडीपलीकडे, सुमारे दोन किलोमीटरवर पोहोचले. टेकडीपलीकडून दिसणे शक्य नव्हते. म्हणून संकेत मिळाल्याची खूण बंदुकीचा बार काढून द्यायची असे ठरले होते. तो बार ऐकू आला आणि बिनतारी युगाची सुरुवात झाली.

त्याच वर्षी कोलकात्यात जगदीशचंद्र बोस हेही विद्युतचुंबकीय लहरींचे जाहीर प्रयोग करीत होते, हे येथे नमूद केले पाहिजे. बोस यांच्या लहरी अगदी आखूड, मिलिमीटरमध्ये मोजता येणाऱ्या होत्या. त्यांना त्या लहरींच्या स्वभावाचा शोध घ्यायचा होता, तर मार्कोनीला त्यांचा व्यवसाय करायचा होता.

लंडनमध्ये बस्तान

फेब्रुवारी १८९६ मध्ये आईला बरोबर घेऊन मार्कोनी लंडनला पोहोचला. मावसभाऊ हेन्री जेमसन डेव्हिस याने त्याच्या ओळखी करून दिल्या. ब्रिटिश टपाल खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी या तरुणाला आश्रय दिला. २ जून १८९६ रोजी मार्कोनीने पेटंटसाठी अर्ज केला. मे १८९७ मध्ये ब्रिस्टल खाडीवरून संदेश गेला. जुलै १८९७ मध्ये त्याची स्वतःची कंपनी उभी राहिली आणि मार्च १८९९ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडून संदेश फ्रान्सहून इंग्लंडला पोहोचला. वयाची पंचविशी गाठण्यापूर्वी तो युरोपभर प्रसिद्ध झाला होता.

या काळातला एक प्रसंग बोलका आहे. १८९८ च्या उन्हाळ्यात युवराजांच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि ते आपल्या नौकेवर विश्रांती घेत होते. व्हिक्टोरिया राणी जवळच्याच वाइट बेटावर राहत होत्या. मार्कोनीने नौका आणि राजप्रासाद यांच्यात बिनतारी दुवा जोडून दिला आणि त्यावरून सुमारे दीडशे संदेशांची देवाणघेवाण झाली. आईने मुलाची केलेली ही विचारपूस म्हणजे शुद्ध घरगुती बाब होती. पण हेच संदेश परिसरात योग्य यंत्र घेऊन बसलेल्या कोणालाही टिपता आले असते, हा विचार तेव्हा कोणी केल्याचे दिसत नाही. तशी यंत्रेच इतर कोणाकडे फारशी नव्हती आणि त्यामुळे सारे सुरक्षित वाटत होते. बिनतारी यंत्रणेची पहिली काही वर्षे नेहमी अशीच जातात.

व्यवसाय वाढू लागला तशी अडचण पुढे आली. ठिणगीतून निघणाऱ्या लहरी एका ठराविक वारंवारतेच्या नसत. त्या पसरट असत. दोन केंद्रे एकाच वेळी बोलू लागली की सारा गोंधळ होई. यावर मार्कोनीने ट्यूनिंगचा उपाय काढला. आकाशवाणीचे केंद्र लावताना आपण बटण फिरवून ठराविक वारंवारता पकडतो, त्याच तत्त्वावर पाठविणारे आणि घेणारे यंत्र एकमेकांशी जुळवून ठेवायचे. एप्रिल १९०० मध्ये त्याने मागितलेल्या या पेटंटचा क्रमांक ७७७७ होता आणि चार सातांचे पेटंट म्हणून ते प्रसिद्ध झाले. लॉज यांनी या दिशेने आधी काम केले होते. पुढे त्यावरून वाद झाला आणि १९११ मध्ये मार्कोनीच्या कंपनीने लॉज यांचे पेटंट विकत घेतले.

ट्यूनिंगमुळे गोंधळ कमी झाला, यात शंका नाही. परंतु मार्कोनीने त्याहून मोठे आश्वासन देऊन टाकले. जुळवलेल्या यंत्राचा संदेश दुसऱ्याला मिळणारच नाही, म्हणजे ट्यूनिंग हेच गुप्ततेचे साधन आहे, असे तो जाहीरपणे सांगू लागला. समुद्राखालच्या तारांवर विसंबलेली सरकारे, नौदले आणि व्यापारी यांना हवे होते ते हेच. हवेतल्या संदेशाची खासगी पत्रासारखी राखण होणार नसेल, तर तो विकत कोण घेणार? मार्कोनीच्या कंपनीचे भवितव्य या एका दाव्यावर अवलंबून होते.

अटलांटिकपलीकडचे तीन ठिपके

दरम्यान मार्कोनीने सर्वांत धाडसी पाऊल उचलले. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील पोल्धू येथे प्रचंड शक्तीचे केंद्र उभारण्यात आले. सप्टेंबर १९०१ च्या वादळात तेथील खांबांचे कडे कोसळले, नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील केप कॉड येथील खांबही पडले. मार्कोनी डगमगला नाही. जॉर्ज केम्प आणि आणखी एका सहकाऱ्यासह तो न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्स येथे गेला. तेथील सिग्नल हिल या टेकडीवरून सोसाट्याच्या वाऱ्यात त्याने पतंग उडवला आणि पतंगाला अँटेनाची तार बांधली. १२ डिसेंबर १९०१ रोजी दुपारी कानाला लावलेल्या श्रवणयंत्रात त्याला तीन टिंबे, म्हणजे मोर्स लिपीतले 'एस' हे अक्षर ऐकू आले. अंतर होते सुमारे साडेतीन हजार किलोमीटर.

या श्रवणाची छापील नोंद नव्हती. साक्षीदार म्हणजे तो आणि केम्प. दिवसाच्या उजेडात त्या तरंगलांबीचे संकेत एवढे दूर कसे पोहोचले, यावर तज्ज्ञ आजही वाद घालतात. त्या दिवशी वापरलेला पाऱ्याचा ग्राहक मूळचा बोस यांच्या संशोधनातला होता, असे १९९८ मध्ये एका भारतीय वंशाच्या संशोधकाने कागदोपत्री पुराव्यांसह मांडले. मार्कोनीने लगेच म्हणजे फेब्रुवारी १९०२ मध्ये फिलाडेल्फिया या जहाजावरून नवे प्रयोग केले आणि या वेळी संकेत कागदी पट्टीवर उमटवून घेतले. रात्री लहरी दिवसापेक्षा कितीतरी दूर जातात, हेही त्याच प्रवासात लक्षात आले.

या यशाने तारकंपन्यांच्या पोटात गोळा आला. समुद्राखालून तारा टाकण्यासाठी त्यांनी अमाप पैसा ओतला होता. अशाच एका मोठ्या तारकंपनीने मार्कोनीच्या कामावर नजर ठेवण्याचे काम नेव्हिल मॅस्केलिन या गृहस्थाकडे सोपवले.

जादूगाराचा दणका

मॅस्केलिन हा लंडनमधील नामवंत जादूगार घराण्यातला. पिकॅडिली भागातील इजिप्शियन हॉलमध्ये त्याच्या वडिलांचे जादूचे खेळ चालत. मॅस्केलिनला बिनतारी विद्येचे चांगले ज्ञान होते आणि मार्कोनीच्या सर्वव्यापी पेटंटांमुळे स्वतःच्या प्रयोगांना खीळ बसल्याचा रागही होता. कॉर्नवॉलमध्ये पोल्धूपासून काही मैलांवर, पोर्थकर्नो येथे त्याने सुमारे पन्नास मीटर उंचीचा खांब उभारला. मार्कोनीचे तथाकथित गुप्त संदेश त्याच्या यंत्रावर सहज उमटू लागले. नोव्हेंबर १९०२ मध्ये त्याने एका तांत्रिक नियतकालिकात हे सारे प्रसिद्धही केले. मार्कोनीच्या गोटाने त्याची फारशी दखल घेतली नाही. दोष दाखविणाऱ्याकडे दुर्लक्ष करणे ही जुनी खोड आहे.

मग ४ जून १९०३ चा दिवस उजाडला. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मार्कोनीचे सल्लागार, प्रख्यात शास्त्रज्ञ जॉन ॲम्ब्रोझ फ्लेमिंग यांचे सप्रयोग व्याख्यान होते. मार्कोनी स्वतः पोल्धूला थांबला होता. तेथून निघालेला त्याचा संदेश शेकडो किलोमीटर दूर श्रोत्यांसमोर उमटायचा होता. ठरलेली वेळ येण्याच्या काही मिनिटे आधीच यंत्र टकटकू लागले. फ्लेमिंग यांच्या तरुण सहायकाच्या कानांनी मोर्सची ती लय ओळखली. कागदी पट्टीवर प्रथम उंदीर या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द पुनःपुन्हा उमटला आणि मागोमाग मार्कोनीची टर उडवणारे एक टवाळ कवन. जवळच्याच एका इमारतीतून मॅस्केलिन आपल्या साध्या ठिणगी यंत्राने हे संदेश सोडत होता. मार्कोनीचा खरा संदेश येण्यापूर्वी तो थांबला, त्यामुळे बहुतेक श्रोत्यांना काही कळले नाही. फ्लेमिंग मात्र संतापले. विज्ञानाच्या पवित्र व्यासपीठावर गुंडगिरी झाल्याची तक्रार त्यांनी वृत्तपत्रात पत्र लिहून केली आणि अपराध्याला शोधण्यासाठी वाचकांची मदत मागितली. मॅस्केलिनने काही दिवसांत स्वतःच उत्तर देऊन कबुली दिली. या यंत्रणेतील उघडे भोक जनतेला दिसावे, हा आपला हेतू असल्याचे त्याने सांगितले.

मॅस्केलिनने काय सिद्ध केले, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. पोर्थकर्नोला त्याने दाखवले की लहर सर्वांकडे जाते आणि ज्याच्याकडे योग्य यंत्र आहे त्याला ती ऐकता येते. लंडनमध्ये त्याने दाखवले की यंत्राला खरा आणि खोटा पाठवणारा यांतला फरक कळत नाही. पहिला दोष गुप्ततेचा, दुसरा ओळख पटविण्याचा. ट्यूनिंग हे फार तर गर्दीत आपली जागा ठरवून घेण्याचे साधन होते. ते कुलूप कधीच नव्हते. कुलूप लावायचे तर ते संदेशालाच, म्हणजे सांकेतिक लिपीच्या रूपात लावावे लागते. चतुर व्यापारी हे जाणून होते आणि आपल्या तारा सांकेतिक शब्दांत पाठवीत होते. मार्कोनीचा दावा मात्र या घटनेनंतर पूर्वीच्या तोऱ्यात ऐकू आला नाही.

बंद दाराचे दुसरे टोक

गंमत अशी, की ज्याला आपली हवा राखता आली नाही, त्याच मार्कोनीने दुसऱ्यांना आपल्या जाळ्यात शिरकाव नाकारण्याचे धोरण ठेवले होते. कंपनी जहाजांना यंत्रे विकत नसे. ती भाड्याने देई आणि ती चालवणारा माणूसही कंपनीचाच असे. दुसऱ्या बनावटीच्या यंत्राकडून आलेल्या हाकेला संकटसमय वगळता उत्तर द्यायचे नाही, असा नियम होता. १९०२ मध्ये जर्मन सम्राटाचे बंधू राजपुत्र हाइनरिश अमेरिकेहून परतताना त्यांच्या जहाजावर जर्मन बनावटीचे यंत्र होते. मार्कोनीच्या केंद्रांनी त्याला प्रतिसाद दिला नाही. जर्मनीने हा अपमान मानला. १९०३ मध्ये बर्लिनला आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि १९०६ च्या करारात कोणत्याही बनावटीच्या यंत्राशी जहाज आणि किनारा यांनी संपर्क ठेवलाच पाहिजे, असे ठरले. वाटेल त्या कंपनीचा मोबाइल वाटेल त्या कंपनीच्या राउटरला जोडला जातो, ही आज गृहीत धरलेली सोय अशा भांडणांतून आलेल्या विचाराचे फळ आहे.

१९०७ मध्ये आयर्लंडमधील क्लिफ्डेन आणि कॅनडातील ग्लेस बे यांच्यात नियमित व्यापारी सेवा सुरू झाली. १९०९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मार्कोनीला जर्मनीच्या कार्ल फर्डिनांड ब्राउन यांच्यासह विभागून मिळाले. तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता.

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिक हिमनगावर आदळली. तिच्या बिनतारी कक्षातील जॅक फिलिप्स आणि हॅरॉल्ड ब्राइड हे दोघे मार्कोनी कंपनीचे नोकर होते. त्यांच्या हाकेने कार्पेथिया जहाज धावून आले आणि सातशेहून अधिक जीव वाचले. दीड हजारांच्या आसपास माणसे मात्र बुडाली. त्या रात्रीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. प्रवाशांचे खासगी निरोप पाठवण्यात गुंतलेल्या फिलिप्सने जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजाचा बर्फाचा इशारा मध्येच तोडला होता. त्या जहाजावरचा एकटा ऑपरेटर नंतर यंत्र बंद करून झोपी गेला. सामायिक हवेला शिस्त लागते, हा धडा जगाने या दुर्घटनेतून घेतला. त्याच वर्षी अमेरिकेने परवान्याचा कायदा केला आणि जहाजांवर अहोरात्र कान ठेवण्याचे बंधन पुढे आले.

मार्कोनीचे नाव या बचावामुळे घरोघरी पोहोचले. पण त्याच वर्षी ब्रिटनमध्ये त्याच्या कंपनीच्या नावाने मोठे वादळ उठले. साम्राज्यभर बिनतारी केंद्रांची साखळी उभारण्याचे कंत्राट कंपनीला मिळत असताना काही मंत्र्यांनी तिच्या अमेरिकी भावंड कंपनीचे समभाग घेतल्याचे उघड झाले. त्यातील रूफस आयझॅक्स हे कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकाचे सख्खे बंधू. संसदीय चौकशीत भ्रष्टाचाराचा आरोप टिकला नाही. हेच आयझॅक्स पुढे लॉर्ड रीडिंग या नावाने भारताचे व्हाइसरॉय झाले. सप्टेंबर १९१२ मध्ये इटलीत मोटार अपघातात मार्कोनीने उजवा डोळाही गमावला.

युद्ध, शलाका आणि खडकी

पहिल्या महायुद्धाने उघड्या हवेची किंमत रक्तात वसूल केली. ऑगस्ट १९१४ मध्ये टॅनेनबर्गच्या लढाईपूर्वी रशियन सैन्याने आपल्या हालचालींचे आदेश सांकेतिक लिपी न वापरता बिनतारीवरून पाठवले. जर्मनांनी ते ऐकले आणि रशियाचे एक सैन्यदल जवळजवळ नामशेष झाले. दुसरीकडे, माग्देबुर्ग या जर्मन युद्धनौकेवरील सांकेतिक पुस्तिका रशियाच्या हाती लागून ब्रिटनकडे आली आणि कुलूप लावलेले जर्मन संदेशही लंडनमध्ये वाचले जाऊ लागले. कुलूप नसणे घातक आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती पडणे त्याहून घातक.

या काळात मार्कोनी इटलीच्या सैन्यासाठी काम करीत होता. १९१६ पासून त्याने चार्ल्स फ्रँकलिन या सहकाऱ्यासह आखूड लहरींकडे मोर्चा वळवला. आरशाने दिव्याचा झोत एका दिशेला वळवावा तशी लहर एका दिशेला वळवायची, ही त्यामागची कल्पना. सर्वत्र उधळणारी शक्ती अशी एका शलाकेत आणली की खर्च घटतो, पल्ला वाढतो आणि भलत्या दिशेला संदेश कमी सांडतो. एलेत्रा या आपल्या आवडत्या नौकेवरून १९२३ मध्ये त्याने अटलांटिकमध्ये यशस्वी चाचण्या केल्या. १९२४ मध्ये ब्रिटिश सरकारने अशा शलाका केंद्रांचे कंत्राट दिले.

महाराष्ट्राचा मार्कोनीशी खरा संबंध जुळतो तो येथे. १९२७ मध्ये इंग्लंड आणि भारत यांच्यात शलाका सेवा सुरू झाली, तेव्हा भारतातून संदेश पाठविणारे केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि संदेश घेणारे केंद्र दौंडला होते. मुंबईच्या पेढ्यांचे आणि सरकारचे निरोप या दोन गावांतून लंडनला जाऊ-येऊ लागले. स्वातंत्र्याच्या वर्षी ही परदेश दळणवळण सेवा सरकारने ताब्यात घेतली. १९८६ मध्ये तिचे विदेश संचार निगम झाले आणि देशात इंटरनेट आणण्याचे काम याच निगमाने १९९५ मध्ये केले. आपल्या घरातील वाय-फायचे एक मूळ असे खडकीच्या माळापर्यंत जाते.

मावळतीचे दिवस

उत्तरायुष्यातील मार्कोनीचे चित्र संमिश्र आहे. बिॲट्रिस ओब्रायन हिच्याशी १९०५ मध्ये झालेला विवाह १९२४ मध्ये संपुष्टात आला. १९२७ मध्ये त्याने मारिया क्रिस्तिना बेत्सी-स्काली हिच्याशी दुसरा विवाह केला. १९२३ मध्ये तो मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात सामील झाला होता. १९३० मध्ये त्याच्याकडे इटलीच्या राजकीय छत्राखालील अकादमीचे अध्यक्षपद आले. सदस्यत्वासाठी सुचविलेल्या ज्यू विद्वानांच्या नावांपुढे तेथे वेगळी खूण केली जात होती, असे पुढे उजेडात आलेल्या कागदपत्रांतून दिसते. चरित्रकाराला हा डाग पुसता येत नाही.

संशोधनाची ऊर्मी मात्र अखेरपर्यंत टिकली. १९३१ मध्ये त्याने व्हॅटिकनचे नभोवाणी केंद्र उभारून दिले. १९३३ मध्ये व्हॅटिकन आणि पोपचे उन्हाळी निवासस्थान यांच्यात सूक्ष्मलहरींचा दूरध्वनी दुवा सुरू झाला. या लहरींची लांबी अर्ध्या मीटरच्या आसपास होती. शेकडो मीटर लांबीच्या लहरींनी अटलांटिक ओलांडणारा माणूस शेवटी बोस यांनी सुरुवात केली त्या आखूड लहरींच्या दिशेने परतला होता. आजच्या वाय-फायची एक प्रचलित लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटरची असते.

२० जुलै १९३७ रोजी रोममध्ये हृदयविकाराने मार्कोनीचे निधन झाले. त्याला मानवंदना म्हणून अनेक देशांच्या बिनतारी केंद्रांनी दोन मिनिटे प्रक्षेपण थांबवले. १९४३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या ट्यूनिंगच्या अमेरिकी पेटंटमधील महत्त्वाचे दावे, आधीच्या संशोधकांच्या कामामुळे, रद्द ठरवले. ज्या ट्यूनिंगला त्याने कुलूप मानले, ते कुलूपही नव्हते आणि पूर्णपणे त्याचे स्वतःचेही नव्हते.

घरातले पोल्धू

मार्कोनीची चूक त्याच्याबरोबर संपली नाही. वाय-फायचा पहिला मानक १९९७ मध्ये आला. त्याच्यासोबत आलेल्या 'वेप' या संरक्षणाचे नावच तारेच्या जोडणीइतकी गुप्तता देण्याचा दावा करणारे होते. २००१ मध्ये संशोधकांनी ते कच्चे असल्याचे दाखवून दिले. २००३ मध्ये 'डब्ल्यूपीए', २००४ मध्ये 'डब्ल्यूपीए-२' आले. त्यातलीही फट २०१७ मध्ये सापडली. ती बुजवणारी सुधारणा कंपन्यांनी दिली आणि २०१८ मध्ये 'डब्ल्यूपीए-३' जाहीर झाले. प्रत्येक वेळी मॅस्केलिनच्या जातीच्या कोणीतरी दोष दाखवला आणि प्रत्येक वेळी तो मान्य केल्यावरच यंत्रणा सुधारली.

घरातील राउटर म्हणजे एक छोटे पोल्धूच आहे. त्याच्या लहरी भिंत ओलांडून शेजारच्या घरात, जिन्यात आणि रस्त्यावर जातात. त्या अडवता येत नाहीत. जोडणीचे नाव यादीत दिसू न देणे हा अनेकांना संरक्षणाचा उपाय वाटतो. पण ते मार्कोनीच्या ट्यूनिंगसारखेच आहे, कारण साध्या साधनाने ते नाव शोधता येते. खरे कुलूप सांकेतिकरणाचे. राउटरमध्ये 'डब्ल्यूपीए-३', ते नसल्यास 'डब्ल्यूपीए-२' निवडावे आणि 'वेप' किंवा खुली जोडणी कधीही ठेवू नये. सांकेतिक शब्द लांब आणि सहज न सुचणारा असावा. घराचा क्रमांक किंवा मोबाइल क्रमांक नसावा. राउटरच्या व्यवस्थापनाचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. तो बदलला नाही तर किल्ली दारातच टांगून ठेवल्यासारखे होते. बटण दाबून किंवा आठ अंकी क्रमांकाने जोडून देणारी 'डब्ल्यूपीएस' सोय बंद ठेवावी, कारण त्या क्रमांकाच्या पद्धतीतील दोष २०११ पासून जगजाहीर आहे. उत्पादकाने दिलेली सुधारणा वेळच्या वेळी भरावी आणि पाहुण्यांसाठी वेगळी जोडणी ठेवावी. हे सारे काम अर्ध्या तासाचे आहे.

नवी मुंबईतील त्या सदनिकेत २००८ मध्ये हा अर्धा तास कोणी काढला नव्हता. मार्कोनीकडे तर पोर्थकर्नोचा इशारा मिळाल्यापासून तब्बल सात महिने होते.